बटनाचा चाकू आणि स्प्रिंगच्या मदतीचा चाकू

कापडाच्या धंद्यात चाकू रोज हाताशी लागतो. गाठीवरची पट्टी कापायची, सुतळी तोडायची, पार्सलची शिवण उसवायची, प्रत्येक ठिकाणी त्याची गरज पडते. पण आम्ही तो आयुष्यभर विकत घेतला, विकला कधी नाही. म्हणून गेल्या महिन्यात पेठेतला एक तरुण दुकानदार काळ्या पुठ्ठ्याची डबी घेऊन आमच्या गादीवर आला, तेव्हा त्याला काय सल्ला द्यावा हे आम्हाला लगेच सुचले नाही.

डबीत घडीचा चाकू होता. मूठ काळी, पाते साडेतीन इंचांचे, मुठीवर क्लिप. डबीवर इंग्रजीत छापले होते की हा 'असिस्टेड ओपनिंग' चाकू आहे, 'स्विचब्लेड' नाही. तरुणाने पात्याच्या बुडाशी बोट लावले आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत चाकूचे पाते खट्कन बाहेर आले. गादीवरचे दोन गिऱ्हाईक दचकले.

"चाचा, हा बटनवाला नाही," तो म्हणाला. "स्प्रिंग फक्त मदत करते. माल देणारा सांगतो की हा कायद्यात बसतो. दोनशे नग घेतले तर भाव चांगला मिळतो."

दोनशे नग म्हणजे लहान दुकानदाराच्या दृष्टीने मोठी रक्कम. शिवाय माल चाकूचा, आणि आपल्या मुलांच्या पिशवीत चाकू सापडला तर त्याची चर्चा कोणत्या अंगाने होते हे वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. म्हणून आम्ही त्याला आठ दिवस थांबायला सांगितले आणि या विषयाची माहिती काढली. ती इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

आधी यंत्राची गोष्ट. दोन्ही चाकूंत स्प्रिंग असते, दोन्ही खट्कन उघडतात, आणि पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. फरक एकाच गोष्टीत आहे. चाकू बंद असताना स्प्रिंग पात्याला कोणत्या दिशेला ढकलते, हे पाहावे लागते.

बटनाच्या चाकूत, ज्याला इंग्रजीत स्विचब्लेड म्हणतात, पाते मिटले की स्प्रिंग ताणली जाते आणि ताणलेलीच राहते. तिचा सगळा जोर पाते बाहेर फेकण्याकडे असतो. पाते आत राहते ते केवळ एका लहानशा खटक्याने अडवले म्हणून. मुठीवरचे बटन दाबले की खटका सरकतो आणि अडवलेले पाते सुटते. माणसाच्या हाताने पात्याला स्पर्शही करावा लागत नाही. बटन दाबून उघडणारी छत्री आठवा, तोच हिशेब. काही चाकूंत पाते बाजूने फिरून उघडते, तर काहींत मुठीच्या तोंडातून सरळ पुढे येते. दोन्ही प्रकार स्विचब्लेडच समजले जातात.

स्प्रिंगच्या मदतीच्या चाकूत गोष्ट उलटी आहे. तो बंद असताना स्प्रिंग पात्याला आत, मुठीकडे दाबून धरते. उघडायचे असेल तर पात्यावरच्या घुंडीला अंगठा लावून, किंवा पात्याच्या बुडाशी मुठीबाहेर आलेल्या कानाला बोट लावून, पाते स्वतः हलवावे लागते. सुरुवातीला स्प्रिंग विरोध करते. थोडे अंतर पाते फिरले की स्प्रिंगचा जोर दुसऱ्या बाजूला वळतो आणि उरलेला प्रवास तीच पुरा करते.

हे शब्दांत अवघड वाटते, पण प्रत्येकाच्या दारात याचा नमुना उभा आहे. मोटारसायकलचे साइड स्टँड पाहा. स्टँड वर असताना स्प्रिंग त्याला वरच ओढून धरते. पायाने खाली ढकलू लागलो की आधी जोर लावावा लागतो, आणि एक ठिकाण ओलांडले की तीच स्प्रिंग त्याला झटक्याने खाली नेते. स्प्रिंग एकच, पण मधल्या त्या ठिकाणाच्या अलीकडे एक काम करते आणि पलीकडे दुसरे. मदतीच्या चाकूची सगळी करामत एवढीच आहे.

ओळखण्याची रीतही यातूनच निघते. बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून बंद चाकू हातात धरावा आणि पाते घुंडीने किंचित उचलून सोडावे. ते आपोआप मिटले तर स्प्रिंग आतल्या बाजूला ओढते आहे, म्हणजे मदतीचा चाकू. पाते उचलतच नाही आणि मुठीवर बटन आहे, तर स्विचब्लेड. स्प्रिंग अजिबात नसलेला साधा घडीचा चाकू असेल तर पाते कोठेही थांबते किंवा हाताच्या जोरानेच पुढे सरकते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही मदतीच्या चाकूंवरही बटनासारखे काहीतरी असते. ते बहुधा चाकू खिशात उघडू नये म्हणून बसवलेले कुलूप असते, किंवा उघडलेले पाते मिटवण्याचे बटन असते. तेव्हा नुसते बटन दिसले की स्विचब्लेड, असे म्हणता येत नाही. बटन काय करते ते पाहावे.

आता हा फरक एवढा महत्त्वाचा का झाला, ते समजण्यासाठी अमेरिकेत जावे लागते, कारण ही जातच तिकडच्या कायद्यामुळे जन्माला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक इटलीहून परतताना तिथले बटनाचे लांबट चाकू निशाणी म्हणून घेऊन गेले. इटलीतील मानियागो हे गाव चाकू-कात्रीच्या कारागिरीसाठी जुन्या काळापासून नावाजलेले आहे. या मालाला अमेरिकेत मागणी वाढली. मग मासिकांत लेख येऊ लागले, सिनेमांत गल्लीतल्या टोळ्यांच्या पोरांच्या हाती तोच चाकू दिसू लागला, आणि चाकू म्हणजे बिघडलेली पोरे असे समीकरण जुळले. न्यूयॉर्क राज्याने 1954 साली बंदी घातली. 12 ऑगस्ट 1958 रोजी संपूर्ण देशासाठी स्विचब्लेड कायदा मंजूर झाला.

त्या कायद्याने चाकू बाळगणाऱ्यापेक्षा व्यापाऱ्याला जास्त धरले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्रीसाठी पाठवणे आणि परदेशातून आयात करणे गुन्हा ठरला. शिक्षा 2,000 डॉलरपर्यंत दंड किंवा 5 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. व्याख्या अशी केली की मुठीतल्या बटनावर किंवा तत्सम वस्तूवर हाताचा दाब देताच, किंवा झटक्याने वा स्वतःच्या वजनाने, पाते आपोआप उघडले तर तो स्विचब्लेड. सवलत दिली ती सैन्याला आणि एकच हात असलेल्या माणसाला. त्या माणसाने जवळ बाळगलेल्या चाकूचे पाते 3 इंच किंवा त्याहून कमी असावे, एवढी अट होती. दोन हात नसतील तर साधा चाकू उघडणार कसा, एवढा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता, हे आम्हाला आवडले.

कायद्यात 'मुठीतले बटन' असे शब्द होते. चाकू बनवणारे कारागीर हुशार. 1990 च्या दशकाच्या मध्याला ब्लॅकी कॉलिन्स आणि केन ऑनियन या दोन अमेरिकन चाकूकारांनी असे चाकू तयार केले की ज्यांत बोट मुठीला नव्हे, पात्यालाच लागते. ऑनियन यांची रचना कर्शॉ कंपनीने बाजारात आणली आणि ती खूप चालली. एका हाताने काम करणारा सुतार, मच्छीमार, गोदामातला हमाल, प्रत्येकाला ती सोयीची वाटली. दुसऱ्या हातात दोर धरलेला असतो, तेव्हा एका हाताने चाकू उघडणे हे काही गुंडाचेच काम नसते.

पुढची दहा-बारा वर्षे हा व्यापार सुखाने चालला. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यानेच अशा चाकूंना 'हे स्विचब्लेड नाहीत' अशी लेखी पत्रे दिली होती. मग 2009 च्या मे महिन्यात त्याच खात्याने ती पत्रे मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. खात्याचे म्हणणे असे की बोट कोठे लावता याने काय फरक पडतो, पाते तर झटक्यानेच उघडते. व्यापारी हादरले. ज्यांनी गोदामे भरली होती त्यांचा माल एका सरकारी कागदाने बेकायदा ठरणार होता. त्यांनी लोकप्रतिनिधींकडे धाव घेतली आणि ऑक्टोबर 2009 मध्ये काँग्रेसने कायद्यात नवा अपवाद घातला. ज्या चाकूत पाते बंद ठेवण्याकडे ओढणारी स्प्रिंग किंवा तशी योजना आहे, आणि ती ओढ मोडण्यासाठी हाताने, मनगटाने वा दंडाने पात्यावरच जोर लावावा लागतो, तो चाकू स्विचब्लेड कायद्यात येणार नाही, असा त्याचा आशय.

म्हणजे आम्ही वर साइड स्टँडचे जे उदाहरण दिले, ते अमेरिकेत कायद्याचे कलम होऊन बसले आहे. डबीवर छापलेल्या वाक्याचा उगम इथे आहे. ते वाक्य खोटे नाही, पण ते अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी छापलेले आहे. त्यातही तिथल्या राज्याराज्यांचे कायदे वेगळे. 2010 नंतर बऱ्याच राज्यांनी खुद्द स्विचब्लेडवरची बंदीही उठवली, आणि 2024 साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यातली बंदी घटनाबाह्य ठरवली.

हाच चाकू समुद्र ओलांडून इंग्लंडला नेला की गोष्ट बदलते. तिथे 1959 च्या कायद्याने बटनाच्या चाकूचे उत्पादन, विक्री आणि आयात बंद झाली. मदतीचा चाकू त्या शब्दांत नीट बसत नव्हता, म्हणून 2019 च्या कायद्याने व्याख्या रुंद केली. पाते पूर्ण बंद अवस्थेतून आपोआप उघडो, किंवा अर्धवट उघडलेल्या अवस्थेतून पुढे आपोआप उघडो, दोन्ही बंदीत. बटन मुठीत आहे की चाकूला आणखी कोठे जोडलेले आहे हाही प्रश्न उरला नाही. जुलै 2021 पासून इंग्लंड व वेल्समध्ये असा चाकू स्वतःच्या घरात ठेवणेही गुन्हा आहे. तेव्हा इंग्लंडला नातेवाइकांकडे जाणाऱ्या कोणी भेट म्हणून असा चाकू सामानात टाकू नये.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपला शस्त्र कायदा 1959 चा. त्याच्या 2016 च्या नियमावलीत धारदार शस्त्रांच्या वर्गात 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. खाटकाचा सुरा, चर्मकाराची रापी, आमच्या दुकानातली कात्री या वगळलेल्या बाजूला आहेत. हे वाचून तरुण म्हणाला, "मग झालंच की, आपला तर साडेतीन इंचाचा आहे."

झाले नाही. त्याच कायद्याच्या कलम 4 खाली एखाद्या भागापुरती वेगळी अधिसूचना काढता येते. दिल्लीत 29 ऑक्टोबर 1980 ची अशी अधिसूचना आहे. तिच्यात स्प्रिंगने चालणारे चाकू, गरारीदार चाकू, बटनदार चाकू आणि 'इतर कोणत्याही यांत्रिक साधनाने' उघडणारे वा मिटणारे चाकू यांचा उल्लेख आहे. पाते 7.62 सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि 1.72 सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असेल तर असा चाकू परवान्याशिवाय बनवणे, विकणे, विक्रीसाठी ठेवणे चालत नाही. 7.62 सेंटिमीटर म्हणजे बरोबर 3 इंच. तरुणाच्या हातातले पाते साडेतीन इंचांचे. स्प्रिंग आत ओढते की बाहेर, हा प्रश्न त्या अधिसूचनेत विचारलेलाच नाही. अमेरिकेत ज्या बारकाव्यावर कायदा बदलला, तो बारकावा सदर बाजारात कोणी ऐकणार नाही. आमच्या तरुण मित्राचा माल दिल्लीहूनच येणार होता, हे येथे नमूद करणे जरूर आहे.

आणि महाराष्ट्रात? येथे व्यापाऱ्याला आणि कामगाराला रोज भेटणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951 चा. त्याच्या कलम 37(1) खाली सण, निवडणूक, मोर्चा अशा वेळी मनाई आदेश निघतो आणि शस्त्रे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या, इजा करण्याजोगी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास बंदी होते. आदेश मोडल्यास कलम 135 लागते. वर्तमानपत्रांत चाकू सापडल्याच्या बातम्या वाचा, शस्त्र कायद्याच्या कलम 4 व 25 शेजारी 37(1) व 135 ही जोडी वारंवार दिसते. ज्या आदेशात काठीही येते, तिथे स्प्रिंगचा खुलासा काय उपयोगाचा? 2018 साली औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकूंची पार्सले पोलिसांनी पकडली, तेव्हापासून कुरिअरने येणाऱ्या अशा मालावर नजर वाढली आहे. मागवणारा म्हणतो खेळणे आहे, शोभेचे आहे. पण तपास सुरू झाला की पावती कोणाच्या नावाची, हे आधी पाहिले जाते.

हाच मुद्दा ईदुल अजहाच्या दिवसांत आपल्या घरी येतो. कुरबानीचा सुरा घरगुती कामाचा आहे, यात वाद नाही. पण तो धार लावायला नेताना उघडा हातात घेऊन किंवा मोटारसायकलच्या हँडलला अडकवून नेऊ नये. जाड कापडात गुंडाळून, डिकीत ठेवून न्यावा आणि धार लावल्यावर थेट घरी आणावा. बाजारातून तीर घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके धरून चालावे म्हणजे कोणाला इजा होणार नाही, ही हदीसमधली ताकीद आपण लहानपणी मदरशात ऐकलेली आहे. दुकानात चाकू गिऱ्हाइकाच्या हाती देतानाही तो मिटून द्यावा.

गरारीदार शब्द वर आला म्हणून थोडे रामपूरविषयी लिहितो, कारण अनेक वाचकांना रामपुरी म्हणजेच बटनाचा चाकू वाटतो. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या कारागिरांनी हा घडीचा चाकू नवाबी काळापासून घडवला. बटनदार हा त्यातला एक प्रकार. गरारीदार वेगळा. त्यात पात्याच्या बुडाशी दाते असतात आणि पाते हाताने उघडताना ते एकेक करून खटक्यावरून सरकतात, म्हणून तो कर्र कर्र आवाज. स्प्रिंग पाते फेकत नाही, नुसते अडवून धरते. म्हणजे यंत्राच्या हिशेबाने तो अमेरिकन मदतीच्या चाकूपेक्षाही साधा. तरी दिल्लीच्या अधिसूचनेत त्याचे नाव घेऊन उल्लेख आहे. हिंदी सिनेमाने खलनायकाच्या हाती रामपुरी दिला आणि त्याची बदनामी कारागिराला भोगावी लागली. 1990 च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली. धंदा बसला, पितळी मुठीवर नक्षी कोरणारे हात दुसऱ्या मजुरीला लागले. आणि 2023 च्या मार्चमध्ये त्याच शहरात सुमारे 20 फूट लांबीचा भव्य रामपुरी चाकू चौकात उभारला गेला. चौकातल्या चाकूसाठी सरकारी खर्च झाला, हे चांगलेच. तोच चाकू हातभर दुकानात विकणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी पात्याची लांबी मोजून दाखवावी लागते.

एवढे सगळे तरुणाला सांगून झाले. मग आम्ही व्यापारी म्हणून आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आणून दिली, जी कायद्याच्या पुस्तकात नाही. हा चाकू गिऱ्हाइकाला देताना तो काय सांगणार? 'कायद्यात बसतो' असे सांगितले आणि गिऱ्हाइकाचा मुलगा बसस्टँडवर पकडला गेला, तर आपण मालाचा ऐब लपवला की नाही? आणि खरे सांगितले, की हा येथे अडचणीत आणू शकतो, तर घेणार कोण? माल देणाऱ्याला आम्ही फोन लावायला सांगितले. मालाच्या बिलावर पात्याची लांबी, रुंदी आणि स्प्रिंगचा प्रकार लिहून द्याल का, एवढेच विचारले. पलीकडचा माणूस आधी हसला, मग म्हणाला बिलावर 'किचन ॲक्सेसरी' लिहितो. आमच्या तरुण मित्राचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. बिलावर खोटे नाव घालून आलेला चाकू घरगुती कामाचा होता, हे उद्या कोणत्या तोंडाने सांगणार?

नमुन्याचा चाकू आठ दिवस आमच्याकडेच होता. आमच्या माणसाने त्याने रोज गाठी फोडल्या. पहिले तीन दिवस खूष होता. चौथ्या दिवशी सुताचा कचरा आत जाऊन स्प्रिंगभोवती गुंडाळला आणि पाते अर्ध्यावर अडकू लागले. तेल घातले तर कचरा आणखी चिकटला. शेवटी त्याने आपला जुना, पुढची पट्टी मोडून नवी काढायचा कटर काढला. चाकू डबीत घालून तरुणाने परत पाठवला आणि त्याऐवजी दीडशे कटर व पट्ट्यांची पाकिटे मागवली. नगामागे नफा कमी आहे, पण पट्टी झिजली की गिऱ्हाईक पुन्हा येते.